टेप परकराच्या नाडीवर न लावणाऱ्या आशाताईंना

आशाताई,

"सगळं उतरलं, ओटीपोट तेवढं जाईना," म्हणणाऱ्या सांगलीकर बायकांना आहार आणि व्यायाम सांगणं हे आमचं काम. पण त्यांच्या दारात आधी तुम्ही आशा स्वयंसेविका पोचता आणि निम्मं काम तिथंच उरकतं. म्हणून हे जाहीर आभार.

कंबर मोजताना तुम्ही टेप परकराच्या नाडीवर लावत नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड चाचपता, दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप धरता. टेप दिसली की कुणीही पोट आत ओढतंच. तुम्ही "मावशी, आज भाजी काय?" विचारता, उत्तर देताना पोट सैल पडतं आणि श्वास सुटला की आकडा टिपता. सीबॅक फॉर्मवर (साखर, बीपीसारख्या आजारांचा धोका जोखायचा तुमचा तक्ता, जास्त गुण म्हणजे जास्त धोका) बायकांना 80 सेंटिमीटरपर्यंत शून्य, 81 ते 90 ला एक, त्यापुढं दोन गुण. निऱ्यांवरून मोजलं असतं तर धडधाकट बाईही उगाच धास्तावली असती.

त्याहून मोलाचं म्हणजे, पोट कशानं सुटलंय हे तुम्ही आधी बघता. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. ती हट्टी, सगळ्यात शेवटी उतरते, पण त्यातल्या त्यात निरुपद्रवी. चिमटीत न येता पोट टणक पुढं आलं असेल तर चरबी आत, आतड्यांभोवती. साखर आणि बीपी तपासायला हवं ते इथं.

बाळंतपण झालेल्या बाईला उताणं झोपवून, गुडघे दुमडून डोकं उचलायला सांगता आणि बेंबीवर बोटं आडवी ठेवता. दोनपेक्षा जास्त बोटं आत गेली तर पोटाचे स्नायू फाकलेत. तिनं क्रंचेस (उताणं झोपून खांदे उचलायचा व्यायाम) मारले की मधोमध उंचवटा येतो, फट तशीच राहते. तिला आधी श्वास सोडत ओटीपोट आत घेणं, मग एकेक टाच सरकवणं. दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. (क्रंचेसनं त्याच जागची चरबी जळते, हा समज जिमवाल्यांनीच पसरवलाय, आम्हीही त्यातलेच.)

पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, खोकल्यावर फुगवटा दिसतो, थोड्याच आठवड्यांत पोट वाढतं, अशांना तुम्ही डाएटच्या नादी न लावता थेट डॉक्टरकडं धाडता. सांधेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी पोट सुटलं असेल तर "एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा," हेही बजावता.

आणि तेल! तुमचा हिशेब ठरलेला: माणशी महिन्याला अर्धा लिटरच, चौघांच्या घरात दोन. सांगलीत भडंगाला कुणी खाणं समजतच नाही. चुरमुरे हलके खरे, पण चमचाभर तेलाच्या 45 कॅलरी, शेंगदाणे वेगळेच.

तुमची कापडी टेप ताणली गेलीय, सुरुवातीचे आकडेही पुसलेत. न ताणणारी फायबरची टेप सोबत पाठवतोय. जुनी वापरू नका.

आपले,
सांगलीतले आहार-व्यायामवाले