जाहिरातींची पाने रद्दीत घालू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटले तेव्हा मी खासबागेच्या रस्त्यावर लोकांच्या गर्दीत उभा होतो. दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांचे नाव त्याला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती. माझ्या शेजारी उभे असलेले एक वयस्कर गृहस्थ काही न बोलता नुसते डोळे पुसत होते. नाट्यगृह पुन्हा बांधता येते आणि ते बांधले जावे म्हणून सगळे कोल्हापूर पाठीशी आहे. हे पत्र मी लिहितोय ते कागदासाठी. तो एकदा गेला की पुन्हा बांधता येत नाही.

आमचा छापखाना होता. पायाने चालवायचे ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या (म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या) केसी आणि एक कटिंग मशीन, एवढाच पसारा. आजोबा त्याआधी बरीच वर्षे दुसऱ्याच्या छापखान्यात खिळे जुळवायला होते. त्यांना एक सवय होती: छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत घरी आणायची. लग्नपत्रिका, औषधांची लेबले, भजनी मंडळाची आमंत्रणे आणि नाटकांची हँडबिले, सगळे एका पत्र्याच्या ट्रंकेत. घर बदलताना ती ट्रंक तीनदा भंगारात जाता जाता वाचली.

त्यातले एक हँडबिल आत्ता माझ्यासमोर आहे. गुलाबी, पातळ कागद, घडीवर विरलेला. वर लाकडी ठशांत ‘पॅलेस थिएटर’, खाली ‘संगीत मानापमान’. शनिवारी रात्रौ ठीक ९ वाजता. स्त्रियांस बसण्याची स्वतंत्र व्यवस्था. पास मिळणार नाहीत. ‘मानापमान’मधल्या पहिल्या ‘मा’चा काना ओळीखाली किंचित उतरला आहे. फर्मा, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची चौकट, नीट आवळला नाही की असे होते. म्हणजे कामाची घाई होती, कंपनीचा माणूस बहुधा दारात उभा असणार. कंपनीचे नाव होते तो कोपरा फाटला आहे. आणि वर्ष कुठेच नाही.

वर्ष असणार तरी कशाला? येत्या शनिवारच्या खेळाला आलेल्या माणसाला साल कोण सांगत बसणार! पण शंभर वर्षांनी तोच कागद हातात घेऊन मी अडून बसलोय. थिएटर १९१५ मध्ये तयार झाले, १९५७ मध्ये त्याला केशवरावांचे नाव मिळाले, म्हणजे हँडबिल त्या दरम्यानचे. ‘मानापमान’ किर्लोस्कर मंडळीने १२ मार्च १९११ ला मुंबईत पहिल्यांदा केले. १९१३ मध्ये बालगंधर्व बाहेर पडले, गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि तीही ते करू लागली. त्यामुळे नुसत्या नाटकाच्या नावावरून कंपनी ठरत नाही. नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे कोल्हापूरचेच, तेव्हा या नाटकावर गावाचा जीव असणार हे उघड आहे. पण तो शनिवार कोणता?

याचे उत्तर एकाच ठिकाणी मिळू शकते, वर्तमानपत्रात. हँडबिलावर तारीख अर्धवट असते, पण वर्तमानपत्राच्या अंकाच्या माथ्यावर दिवस, महिना, साल, कधी कधी शकसुद्धा असतो. त्या आठवड्याच्या अंकात नाटकाची जाहिरात असेल तर माझ्या कागदाला वर्ष मिळेल आणि फाटलेल्या कोपऱ्यातले नावही मिळेल.

म्हणून मी एका जुन्या ग्रंथालयात गेलो. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांनी मला आदराने वागवले. जुन्या साप्ताहिकांचे बांधीव खंड काढून दिले. उघडले तर प्रत्येक अंक मधूनच सुरू होत होता. त्या काळच्या बऱ्याच पत्रांत पहिले आणि शेवटचे पान जाहिरातींचे असे. बांधणी करताना खंड जाड होतो म्हणून कुणीतरी नेमकी तीच पाने काढून टाकली होती. मी विचारले तेव्हा कर्मचारी अगदी सरळपणे म्हणाला, “काका, जाहिरातीच होत्या हो त्या, त्यांत काय वाचायचं?”

संपादक महाराज, त्यांतच तर गाव होते. अग्रलेख वाचून त्या संपादकाला काय वाटत होते ते कळते. कोल्हापूरचा माणूस शनिवारी रात्री कुठे जात होता, ते या चार ओळींच्या जाहिरातींतून कळते. कीर्तन कुठल्या देवळात आहे, वाचनालयात व्याख्यान कुणाचे, मैदानात कुस्ती कुणाकुणाची, कुणाची म्हैस हरवली. १९१२ मध्ये शाहू महाराजांनी खासबागचे मैदान उभे केले, पाठोपाठ थिएटर बांधून घेतले, म्हणजे हाकेच्या अंतरावर कुस्ती आणि गाणे. नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर पुढे कॅमेऱ्यामागे उभे राहिले आणि १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ हा सिनेमा लोकांपुढे आला. त्यानंतर टांग्यात बँड बसवून सिनेमाची हँडबिले पेठापेठांत उधळत जायची पद्धत आली. आजोबा सांगायचे, पोरे टांग्यामागे धावत ती झेलायची आणि घरी आणून वहीला कव्हर घालायची. नाटकाचा कागद सिनेमाच्या कागदाला जागा देत गेला. तो बदल कुठल्या महिन्यात, कुठल्या पेठेत, किती आण्यांच्या तिकिटाने झाला, हे या पानांशिवाय कुठून काढायचे?

एक गोष्ट मात्र मन घट्ट करून लिहायला हवी. त्या पानांवर सगळे गाव नव्हते. छापील जाहिरातीच्या कितीतरी आधीपासून गावागावांत खबर पोहोचायची ती दवंडीने, आणि दवंडी देण्याचे काम महार वतनदाराच्या गळ्यात बांधलेले होते. ते वतन महाराजांनी १९१८ मध्ये करवीर संस्थानात रद्द केले. सगळ्या गावाला खबर देणाऱ्या त्या माणसाची स्वतःची खबर मात्र कुठल्याही रकान्यात येत नसे. बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघाला, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. त्याची साधी जाहिरात पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने छापली नाही. जाहिरात म्हणजे क्षुल्लक गोष्ट, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा. तमाशाच्या फडांच्या आणि सत्यशोधक जलशांच्या बाबतीत तर एखादे चुकार हँडबिल हाच पुरावा उरतो. घरोघरचे असे सुटे कागद म्हणूनच मला वर्तमानपत्रांइतकेच मोलाचे वाटतात.

तेव्हा माझ्या तीन विनंत्या आहेत. आपल्या कार्यालयात जुन्या अंकांचे खंड असतीलच. त्यांचे स्कॅनिंग कराल तेव्हा जाहिरातींसह पूर्ण पान घ्या, बातम्यांचे तुकडे कापून घेऊ नका. ग्रंथालयांना माझे सांगणे आहे की बाइंडरला कोरे पान काढायचीही परवानगी देऊ नका. आणि नाट्यगृहाचे काम पाहणाऱ्यांनी नव्या इमारतीत एक भिंत या कागदांसाठी ठेवावी. काचेआड, उन्हापासून दूर, कारण हा गुलाबी रंग दोन उन्हाळ्यांत उडतो. माझी ट्रंक मी तिथे विनामूल्य देईन, फक्त पावती द्यावी.

आपण आठवड्यातून एकदा छापता त्या ‘आज शहरात’ या छोट्या रकान्याबद्दलही लिहायचे होते. गेले दोन महिने तो दिसत नाही. जागेची अडचण मी समजू शकतो, छापखान्यात आयुष्य गेले आहे. पण पेठेतल्या भजनाची वेळ मोबाइलवर येते आणि संध्याकाळपर्यंत पुसली जाते. आपल्या अंकावर तारीख असते. रकाना पुन्हा सुरू करा, अर्ध्या कॉलमाचा असला तरी चालेल.

आता राहिला तो शनिवार. ‘मानापमान’ म्हटले की मला १९२१ चा जुलै आठवतो. ८ तारखेला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव आणि बालगंधर्व एकाच रंगमंचावर उभे राहिले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले, वय जेमतेम एकतीस. माझे हँडबिल त्याच्या आधीचे की नंतरचे, हे मला मरण्यापूर्वी कळावे असे फार वाटते. कोल्हापूर, सांगली, मिरज, इचलकरंजी भागात कुणाच्या घरी जुनी वर्तमानपत्रे ट्रंकेच्या तळाशी अंथरलेली असतील, फडताळात कागदाचे अस्तर असेल, तर एकदा सोडवून बघा. आणि या खेळाचे गुलाबी हँडबिल सापडले, तर पहिल्या ‘मा’चा काना पाहा. तो खाली उतरलेला असेल तर कृपया आपल्या वृत्तपत्राच्या पत्त्यावर मला कळवा. त्या प्रतीवर कंपनीचे नाव असलेला कोपरा शाबूत असेल.

आपला,
एक निवृत्त छापखानदार,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर