घाट चार नव्हेत, सात आहेत

वाई,
मंगळवार, रात्री

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तू रविवारी दुपारच्या गाडीने गेलीस. तुझ्या हातावर दही घालायचे राहून गेले, हे गाडी स्टँडच्या बाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आले. फोन केला असता तर पुन्हा दोघींचे आवाज चढले असते, म्हणून लिहिते आहे. या पत्रात तुझ्या तब्येतीविषयी अक्षरही काढायचे नाही, असे लिहायला बसण्यापूर्वीच ठरवले आहे. एवढेच सांगते, की गोळ्यांचे पाकीट मोरीच्या खिडकीत राहिले आहे. त्या कशाच्या आहेत हे मी औषधाच्या दुकानात दाखवून विचारले. त्याबद्दल तू रागावशील, रागाव. तू इथे चार दिवस होतीस आणि दहांतली एकच गोळी काढलेली आहे. हिशेब मलाही येतो. झाले, आता यापुढे नाही.

शनिवारी रात्री तू म्हणालीस, "आई, वाईत आता आहे तरी काय? चार घाट आणि एक गणपती." घाट चार नव्हेत, सात आहेत, हे मी तिथल्या तिथे म्हणायला हवे होते. म्हटले नाही, कारण माझ्याच मनात आले, की जन्म इथे गेला, माहेर गंगापुरीत आणि सासर गणपती आळीत, तरी ते सातही घाट मी एका दिवसात असे कधी पाहिलेले नाहीत. लग्नाला, बारशाला, कुणाच्या तरी दहाव्याला, नाहीतर कृष्णाबाईच्या उत्सवात त्या त्या घाटावर गेले असेन. पण नुसते पाहायला म्हणून कधी गेले नाही. तेव्हा काल सकाळी घराला कुलूप लावले, पाण्याची बाटली आणि छत्री घेतली, आणि परगावच्या बाईसारखी निघाले. गंगापुरीच्या कोपऱ्यावर एका मुलाला मुद्दामच घाटाचा रस्ता विचारला. त्याने "आजी, कुठून आलात?" असे विचारले, तेव्हा "पुण्याहून" असे बेधडक सांगितले. इतके निर्मळ खोटे मी कितीतरी वर्षांत बोलले नव्हते. त्या मुलाने मला माझेच माहेर अगदी जबाबदारीने दाखवले.

ढोल्या गणपतीला मी आजवर किती वेळा नमस्कार केला असेल याला गणती नाही. पण देवळाच्या मागे जाऊन भिंत निरखून पाहिली ती कालच. गणपतराव रास्त्यांनी हे देऊळ १७६२ साली बांधले, आणि पुराचे पाणी मागच्या भिंतीवर आदळू नये, दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे, म्हणून ती भिंत माशाच्या आकाराची घडवली, हे पाठ्यपुस्तकासारखे मला पाठ होते. भिंतीला तळवा टेकवला आणि दगडांच्या सांध्यावरून नख फिरवून पाहिले, तर ते कुठे अडकेना. धोम धरण होण्यापूर्वीची गोष्ट आहे. मी सहासात वर्षांची असताना तात्या मला पूर दाखवायला घेऊन गेले होते. तांबडे पाणी भिंतीपाशी येऊन दोन्ही बाजूंना फुटत होते. गणपतीची पाठ भिजत असेल, म्हणून मी घरून पंचा आणायला निघाले, आणि तात्या इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. ती उबळ मात्र मला काल नको तेव्हा आठवली. तात्यांनाही कुणी तपासायला जा म्हटले, की "मला काय धाड भरली आहे?" असेच ते म्हणत. तुझ्या बाबांचेही तेच. आपल्या घरात हे वाक्य कुणी म्हणू लागले की मला झोप येत नाही, आणि तू ते शुक्रवारी दोनदा म्हणालीस. असो.

दुपारी वडापने मेणवलीला गेले. नाना फडणवीसांचा वाडा तू शाळेच्या सहलीत पाहिला आहेस, तेव्हा त्याबद्दल लिहीत नाही. पण घाटावर त्या लहानशा देवळात टांगलेली घंटा तुला आठवते का? चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या लुटीतली ती पोर्तुगीज घंटा आहे. तिच्यावर १७०७ हा आकडा आहे आणि मूल घेतलेल्या मेरीची छोटी आकृती आहे. किल्ल्यावरच्या युद्धातून निघून ती मेणवलीला नदीकाठी येऊन राहिली, आणि कुणाला तिचे परकेपण वाटत नाही. मी कितीतरी वेळ त्या मेरीकडे पाहत उभी होते. मग पायऱ्यांवर सावलीत बसून डबा खाल्ला. घाटाची चंद्रकोर आणि पलीकडचे झाड पाहताना वाटले, की आपल्या वाईच्या घाटांना सिनेमावाल्यांनी कितीदा तरी उत्तरेतले गाव बनवले, लोकांनी ते तिकीट काढून पाहिले, आणि आपण मात्र रोजचे म्हणून त्यावरून भाजीची पिशवी घेऊन गेलो.

परत येताना विश्वकोशाच्या कार्यालयावरून आले. १९७६ साली पहिला खंड निघाला तेव्हा मी कॉलेजात होते, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली एवढे मोठे काम मुंबई-पुण्यात न होता आपल्या गावात होते आहे, याचा आम्हां मुलींना विनाकारण गर्व होता. तात्यांनी घेतलेले पहिले दोन खंड एकावर एक रचून, त्यांवर उभी राहून तू आरशात वेण्या पाहायचीस. दुसऱ्या खंडाच्या पुठ्ठ्यावर तुझ्या टाचेची खूण अजून आहे. बावीस माणसे हाताखाली असलेली आमची मुक्ता तीच, हे मी काल देवळातल्या एका अनोळखी बाईला सांगितले. तिने विचारले नव्हते.

आता एक सांगते. तू पुण्यात अकरा वर्षे राहतेस, आणि मी विचारले तर तुला घर, कचेरी आणि विमानतळ एवढेच सांगता येईल. माणसाने महिन्यातून एक दिवस तरी फोन घरी ठेवून आपल्या राहत्या गावात उगाच हिंडावे, जिन्याने चढावे, वेळेवर जेवावे, रात्री अकराला ते यंत्र मिटावे, मीठ कमी करावे आणि डॉक्टरांनी सांगितलेले औषध हे पाहुण्यासारखे न वागवता रोजचे करावे. मी चाळीस मुलांच्या वर्गावर ओरडून ओरडून अशी झाले आहे, त्याला माझा इलाज नाही. क्षमा कर. हिंडण्याबद्दल लिहिता लिहिता मीठ कसे आले, हे माझे मलाच कळले नाही. तुझे काम तू मन लावून करतेस, याचा मला अभिमान आहे. आणि त्याच मन लावण्याचे मला भय वाटते, हे मी शनिवारी नीट सांगू शकले नाही. त्याऐवजी तुझ्या स्वयंपाकघराला नावे ठेवली.

तुझ्याकडे कायमचे यायचे की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही. येणारच नाही असे मी म्हणाले, ते रागात म्हणाले. परंतु वाईत कुणी उरले नाही, हे तुझे म्हणणेही बरोबर नाही. काल संध्याकाळपर्यंत मला सात माणसांनी थांबवून चौकशी केली, आणि त्यांतल्या तिघांनी तुझी केली.

तुला खरे सांगायचे तर घाट सहाच झाले. भीमकुंडाचा राहिला. मधली आळी सोडली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि वहाणेने पायाला फोड आणला होता, म्हणून घरी येऊन पाय गरम पाण्यात घातले. तो सातवा घाट तू आल्यावर पाहू.

तुझी,
आई

ता. क. पाकीट या पत्रासोबतच पाठवते आहे. त्यात नऊ गोळ्या आहेत. पोचले की फोन कर. दुसरे काही बोलायचे नसेल तर नुसते "पोचले" म्हण.