चंद्रपूर–पडघे वाहिनीच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या व्हाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीज पारेषणाच्या बातम्या आपल्याकडे बहुधा प्रकल्पाचा खर्च, टॉवरखालच्या जमिनीचा मोबदला आणि किती मेगावॅट वीज मिळणार या मुद्द्यांभोवती फिरतात. ज्याच्या शिवारातून वाहिनी जाते त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हे मुद्दे महत्त्वाचे आहेतच. परंतु ज्या संशोधनामुळे अशी वाहिनी शक्य झाली, ते किती चिकाटीने झाले आणि अजून किती बाकी आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटर लांबीची, ±५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश प्रवाहाची, म्हणजेच डीसी, वाहिनी १९९९पासून चंद्रपूरकडील औष्णिक वीज मुंबईच्या परिसरापर्यंत आणत आहे. तिची क्षमता १५०० मेगावॅट आहे. या वाहिनीच्या संदर्भात एक मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

दूर अंतरावर मोठी वीज डीसी स्वरूपात न्यावी, ही कल्पना जुनी आहे. अडचण होती ती एसीचे, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या प्रवाहाचे, डीसी आणि डीसीचे पुन्हा एसी करणाऱ्या झडपेची, म्हणजे व्हॉल्व्हची. पाऱ्याच्या वाफेतील विद्युतज्योतीवर चालणाऱ्या झडपा १९२०च्या दशकात उपलब्ध होत्या आणि रेल्वेला लागणाऱ्या हजार-दीड हजार व्होल्ट दाबावर त्या समाधानकारक काम करीत. दाब त्याच्या कित्येक पटींनी वाढवला की मात्र झडप ज्या क्षणी बंद राहायला हवी, नेमकी त्याच क्षणी तिच्यात उलट दिशेने ज्योत पेटे आणि परिवर्तकात, म्हणजे अशा झडपांच्या संचात, शॉर्टसर्किट होई. स्वीडनमधील आसेआ कंपनीचे विद्युत अभियंता उनो लाम यांनी १९२९ मध्ये यावर उपाय सुचवला. झडपेतील धनाग्र आणि पाऱ्याचे कुंड यांच्या दरम्यान एकापुढे एक असे अनेक मधले इलेक्ट्रोड बसवायचे आणि बाहेरून जोडलेल्या विभाजकाच्या साहाय्याने एकूण दाब त्यांच्यात वाटून द्यायचा, म्हणजे कोणत्याही एका फटीवर पेलणार नाही इतका ताण येत नाही.

कागदावर हा उपाय सरळ दिसतो. तो व्यवहारात उतरायला मात्र पंचवीस वर्षे लागली. उलट ज्योत नेमकी कधी पेटेल हे गणिताने आधी सांगता येत नसे आणि छोट्या नमुन्यावर काढलेले निष्कर्ष मोठ्या झडपेला लागू पडतीलच याची खात्री नसे, त्यामुळे झडपा प्रत्यक्षातील दाबावर आणि प्रत्यक्षातील प्रवाहावर वारंवार तपासाव्या लागत. लुडविका येथील कारखान्यात एवढी वीज उपलब्ध नव्हती, म्हणून स्वीडनच्या सरकारी वीज मंडळाच्या सहकार्याने ट्रॉलहेटन येथील जलविद्युत केंद्राजवळ चाचणी केंद्र उभारण्यात आले. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे: ज्या संस्थेला पुढे ही वाहिनी चालवायची होती, तिने संशोधकासाठी आपल्या वीज जाळ्याचे दार आधीच उघडून दिले.

त्याचे फळ म्हणजे १९५४ मध्ये कार्यान्वित झालेला स्वीडनच्या गॉटलंड बेटाचा दुवा. मुख्य भूमीपासून बेटापर्यंत समुद्रतळावरून सुमारे ९८ किलोमीटर लांबीची एकच केबल टाकण्यात आली, परतीचा प्रवाह समुद्राच्या पाण्यातून नेण्यात आला आणि १०० किलोव्होल्ट दाबावर २० मेगावॅट वीज बेटाला मिळू लागली. एवढ्या लांबीच्या केबलमधून एसी नेली असती तर दर सेकंदाला शंभर वेळा केबल भारित करण्यातच तिच्या क्षमतेचा मोठा हिस्सा खर्ची पडला असता. डीसीमध्ये ही अडचण राहत नाही. पुढे अमेरिकेतील ऑरेगन राज्यातून लॉस एंजेलिसकडे जाणारी १३६२ किलोमीटर लांबीची वाहिनी १९७० मध्ये सुरू झाली, तीही लाम यांच्याच पाऱ्याच्या झडपांवर. त्यानंतर थायरिस्टर या अर्धवाहक घटकाने त्या झडपांची जागा घेतली आणि चंद्रपूर–पडघे वाहिनी त्याच पिढीतील आहे.

संशोधन तेथेही थांबलेले नाही. थायरिस्टरच्या परिवर्तकाला दोन्ही टोकांना भक्कम एसी जाळे लागते. पडघ्याच्या बाजूला एसीचा दाब क्षणभर खचला तरी एका थायरिस्टरकडून दुसऱ्याकडे प्रवाह वेळेत सरकत नाही आणि वीज खंडित होऊ शकते. आयजीबीटी, म्हणजे हवे तेव्हा चालू-बंद करता येणारे अर्धवाहक स्विच, वापरणारे नवे परिवर्तक या दोषापासून मुक्त आहेत. १९९७ मध्ये स्वीडनमध्येच अवघ्या १० किलोमीटरच्या वाहिनीवर त्यांची चाचणी झाली, आणि आपल्या देशात पुगलूर–त्रिशूर हा त्या तंत्राचा २००० मेगावॅटचा दुवा २०२१ मध्ये कार्यान्वित झाला. त्याहून कठीण प्रश्न डीसी प्रवाह तोडण्याचा आहे. एसी प्रवाह प्रत्येक अर्ध्या आवर्तनात शून्यावर येतो, म्हणून ब्रेकरला, म्हणजे प्रवाह तोडणाऱ्या स्विचला, तो तोडता येतो. डीसी आपणहून शून्यावर येत नाही, आणि अनेक टोकांचे डीसी जाळे उभारायचे तर बिघडलेला भाग काही मिलिसेकंदांत वेगळा करावा लागतो. राजस्थान आणि गुजरातमधील सौरऊर्जा शेकडो किलोमीटर वाहून न्यायची असल्याने हे प्रश्न आपलेही आहेत.

अशा प्रश्नांवर काम करायचे तर विद्यार्थ्याला केवळ संगणकावरील प्रारूप पुरत नाही. भारताने १९८०च्या दशकात बारसूर–लोअर सिलेरू हा प्रायोगिक डीसी दुवा देशी तंत्र विकसित करण्यासाठीच हाती घेतला होता, यावरून धोरणकर्त्यांना ही गरज तेव्हाही कळत होती हे स्पष्ट होते. आज महाराष्ट्राकडे पाव शतकाहून अधिक काळ चाललेली स्वतःची वाहिनी आहे. पावसाळ्यातील इन्सुलेटरवरील दोष, थायरिस्टर निकामी होण्याचे प्रमाण, दाब खचल्यावर परिवर्तक सावरायला लागलेला वेळ यांच्या नोंदी म्हणजे संशोधनाचा अस्सल कच्चा माल आहे.

म्हणून महापारेषण कंपनीला आणि राज्याच्या ऊर्जा विभागाला आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती करतो की, सुरक्षेच्या दृष्टीने संवेदनशील तपशील वगळून या वाहिनीच्या दोष-नोंदी राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संशोधक विद्यार्थ्यांना नियमितपणे उपलब्ध करून द्याव्यात, चंद्रपूर आणि पडघे येथील केंद्रांत त्यांना ठरावीक मुदतीसाठी काम करण्याची परवानगी द्यावी, आणि यापुढील प्रत्येक डीसी प्रकल्पाच्या निविदेत चाचणी उपकरणांसाठी व संशोधनासाठी स्वतंत्र तरतूद ठेवावी. परदेशी कंपनीकडून परिवर्तक विकत घेतानाच या अटी घालता येतात. करार झाल्यानंतर त्या मान्य करून घेणे अवघड जाते.

आपला,
एक निवृत्त विद्युत अभियंता,
भिवंडी