भूषाच्या बोटवाल्या दादांना, ‘आज नाही’ म्हटल्याबद्दल

दादा, राम राम.

तुमच्याकडे साधा फोन आहे, पण शहाद्याला कॉलेजला असलेला तुमचा पुतण्या हे वाचून दाखवेल म्हणून इथंच लिहितोय. आणि बाकीच्यांनीही वाचलं तर बरंच, कारण हल्ली जळगाव-धुळ्याकडून नंदुरबार जिल्ह्यात तुमच्या भूषाकडे नर्मदेचं बॅकवॉटर, म्हणजे सरदार सरोवर धरणामागे तुंबलेलं पाणी, बघायला गाड्या भरभरून लोक निघतात. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हीच ‘नाव-बिव नका टाकू भाऊ’ म्हणाला होतात.

तर पहिलं थँक्यू त्या ‘आज नाही’ला.

आम्ही कसे आलो ते तुम्ही पाहिलंच. धडगावचा घाट, भाचीला गाडी लागलेली, मामा पूर्ण रस्ताभर अस्तंब्याच्या यात्रेच्या गोष्टी सांगत होते, आणि काठावर पोचेपर्यंत दुपार टळून गेलेली. डिसेंबरचा दिवस तो केवढासा. तुम्ही एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि म्हणालात, आज नाही, उद्या सकाळी नेतो. आमचा डॉक्टर मित्र लगेच पाकीट काढून उभा, डबल घ्या म्हणे, आम्ही मालवणला समुद्रावर फिरलोय, हे तर तळं आहे! मामा तर सरळ अहिराणीवर आले, ‘आते काय, रात आठेच का?’ (आता काय, रात्र इथंच का?) तुम्ही हसलात फक्त. पैशाला हात लावला नाहीत. धंद्याच्या माणसाने समोरचं गिऱ्हाईक परत पाठवणं म्हणजे काय असतं ते माझं स्वतःचं दुकान असल्यामुळे मला चांगलं कळतं, म्हणून ते जास्त लक्षात राहिलं.

मग तुम्ही डॉक्टरला बाजूला बसवून जे सांगितलंत ना, ते मी जसं आठवतं तसं लिहितो. समुद्राला भरती-ओहोटी असते, तिचं टाइमटेबल असतं, खाडीत ओहोटीला बोट चिखलात बसली तरी काही तासांनी भरती येऊन उचलते. इथं तसं काही नाही. इथं पाणी चढतं-उतरतं ते वरच्या धरणांतून किती सोडलं आणि खाली धरणाच्या भिंतीपाशी केवडियाला किती घेतलं त्यावर. आणि खाली वाळू नाही, डोंगर आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं आली, मणिबेलीपासून वरपर्यंत, त्यांची शेतं, बांध, झाडं सगळं खालीच. धरण १३८.६८ मीटरला फुल असतं तेव्हा एक वेळ सोपं, झाडांच्या शेंड्यांवर भरपूर पाणी असतं, पण लेव्हल अर्धवट उतरली की सुकलेले खुंट बरोब्बर पाण्याच्या वितभर खाली येतात, दिसत नाहीत आणि लागतात. दिवसा तुम्हाला ते पाण्याच्या रंगावरून कळतं. अंधारात नाही कळत. दुपारी निघालो असतो तर परतीला अंधार ठरलेला, त्यात दरीतून संध्याकाळी वारा सुटतो, आणि त्या पाण्यावर ना दिवा ना बोया. एवढं ऐकल्यावर डॉक्टरने पाकीट गुपचूप खिशात टाकलं.

२०१९ च्या संक्रांतीचं तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. याच काठावर सणाला आलेल्यांची बोट उलटली, झेपतील त्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं तिच्यात बसलेली, लोक बुडून मेले. त्या दिवशी बुडणाऱ्यांना काढायला पाण्यात हात घालणाऱ्यांत तुम्हीही होतात हे आम्हाला रात्री वहिनींकडून कळलं, तुमच्याकडून नाही.

रात्रीच्या जेवणाबद्दल काय लिहू! आम्ही जळगावहून भरीत आणलेलं, गार झालेलं, ते वहिनींनी चुलीवर परत गरम केलं आणि वर मक्याची भाकर, मिरचीचा ठेचा, तुमच्या जाळ्यातले मासे. मामा शाकाहारी आहेत असं मामी समजतात, तो विषय इथंच थांबवतो.

आता सकाळचं. लाइफ जॅकेट सगळ्यांना दिलीत ते ठीक, पण आमच्या भाचीला मोठ्याचं जॅकेट चढवून मी पट्टा आवळत होतो तेव्हा तुम्ही ते काढायला लावलंत. म्हणालात, पोर पाण्यात पडलं तर जॅकेट वर तरंगेल आणि पोर त्यातून खाली सटकेल. आणि तुम्ही चढणीवरच्या पाड्यावर चालत जाऊन लहान मापाचं जॅकेट मागून आणलंत, खालून पायामधून पट्टा असलेलं. आम्ही तोपर्यंत काठावर चहा पीत बसलो. आजवर मी ज्या-ज्या बोटीत बसलो, कोकणात आणि इकडे तापीवर प्रकाशा-सारंगखेड्याकडे, तिथं कुठंच कोणी मुलांचं जॅकेट वेगळं असतं हे सांगितलं नव्हतं. जॅकेट म्हणजे फोटोपुरतं असतं असंच वातावरण, काही ठिकाणी तर ते उशीसारखं बुडाखाली घेऊन बसलेले लोक बघितलेत.

मग बसवलंत कसं, तर जड माणसं मध्ये, मामा एकदम मध्ये (ते अजून रागावलेत), आणि एकच नियम, काही दिसलं तरी सगळ्यांनी एका बाजूला झुकायचं नाही, उभं राहायचं नाही. मगर दिसली तरी नाही, असं म्हणालात. मगर खरंच आहे का हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

आणि ती पिनांची डबी! मधेच ‘खट्’ झालं, इंजिन नुसतं भरर्र ओरडायला लागलं आणि बोट जागच्या जागी. आमचे चेहरे पडले. तुम्ही निवांत इंजिन बंद करून तिरपं वर उचललंत, पंखा बाहेर आला, आणि पंख्याची तुटलेली छोटी पिन काढून तंबाखूच्या डबीतली नवी बसवलीत. पंखा खुंटाला लागला की आधी ती पिन तुटावी म्हणूनच ती मऊ धातूची असते, नाहीतर गियर जातो आणि मग वल्हं मारत बसा. डॉक्टर म्हणाला हे तर फ्यूजसारखं झालं. तुम्ही म्हणालात, फ्यूज दुकानात मिळतो, इथं दुकान कुठंय, म्हणून डबी.

जाळ्यांच्या बाटल्या तरंगताना दिसल्या की तुम्ही लांबून वळायचात. छोटी होडी दिसली की स्पीड एकदम कमी, आपल्या लाटेने ती हलू नये म्हणून. एका होडीत एक आजी आणि रेशनची पोती होती, तुम्ही इंजिन बंद करून त्यांच्याशी तुमच्या बोलीत कितीतरी वेळ बोललात, आम्हाला काही कळलं नाही, शेवटी त्या आमच्याकडे बघून हसल्या एवढं कळलं. आमच्यासाठी पिकनिक होती ती, त्यांची एसटी होती. पेशंट, बाळंतिणी, गहू-तांदूळ, सगळं बोटीनेच जातं तुमच्याकडे, दवाखानासुद्धा बोटीवर येतो.

परत येताना मी विचारलं होतं की इथून बोट घेऊन समुद्रापर्यंत जाता येईल का, आणि तुम्ही हसून म्हणालात, मध्ये भिंत आहे भाऊ. घरी आल्यावर मी जरा वाचलं. २०१६ च्या कायद्यात देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरवलेत, त्यात आपली तापी आहे, नंबर १००, हतनूरपासून समुद्रापर्यंत, आणि नर्मदेचा खालचा भागही आहे. कागदावर मस्त वाटतं. पण तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, पुढे उकाई, काकरापार, एकामागून एक भिंती, आणि बोट वर-खाली करणारं लॉकगेट मी तरी आमच्याकडच्या एकाही बॅरेजवर बघितलेलं नाही. म्हणजे खान्देशातला जलमार्ग हा तुकड्या-तुकड्यांचा, प्रत्येक तुकड्याचं पाणी ओळखणारा माणूस वेगळा. भुसावळकडे हतनूरच्या पाण्यात जो भोई दादा आम्हाला फिरवतो त्यालाही मी तुमचं सगळं सांगितलं, तो म्हणाला खुंटांचं बरोबर आहे, आमच्याकडे गाळाचं दुखणं आहे.

आता कामाचं. लहान मापाची जॅकेटं आम्ही सगळ्यांनी मिळून घेतलीत, दोन साइझमध्ये, पायातल्या पट्ट्यासकट. पुतण्या सुट्टीला गावी येईल तेव्हा त्याच्यासोबत पाठवतोय. ही पर्यटकांसाठी ठेवायची नाहीत हं, शाळेच्या आणि बाजाराच्या दिवशी तुमच्या बोटीत जी पोरं बसतात त्यांच्यासाठी आहेत. पट्टे नवीन असल्यामुळे कडक आहेत, दोन-चार वेळा भिजले की मऊ होतील असं दुकानदार म्हणाला. पाड्यावरून आणलेलं जॅकेट आम्ही परत दिलं का नाही यावर आमच्यात अजून वाद आहे, गाडीत तरी सापडलं नाही, त्यामुळे एक जास्तीचं टाकलंय, ते त्यांना द्या. सोबत पिनाही टाकल्यात, माप बरोबर आहे का ते कळवा, चुकीच्या असतील तर बदलून आणतो, बिल ठेवलंय.

वहिनींना नमस्कार. मामांनी ठेच्याची रेसिपी मागितलीय.