ताई, तुम्ही आधी हिला विचारलंत

ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नका, असं तुम्ही जाताना बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आमच्या कॉम्प्युटरचं एवढं दुखणं मिटवून गेलात आणि मी नुसती मान डोलवून गप्प बसायचं, हे मला जमणार नाही. तुम्ही जिना उतरलात आणि ही स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत उभी राहिली. का, ते तुम्हाला कळायला हवं.

मी मोडी वाचतो. वाईत आणि आसपासच्या गावांत लोकांच्या माळ्यावर, ट्रंकेत जुने कागद पडून असतात: वाटणीपत्रं, खरेदीखतं, वतनाचे महजर म्हणजे गावानं जमून दिलेले निवाडे, कसरीनं खाल्लेले हिशेब. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध जोरात सुरू झाला, तेव्हापासून लोक ते पिशवीत जपून घेऊन येतात. शब्द न तोडता, हात न उचलता ओढलेली ती अक्षरं लावायची तर स्कॅन स्वच्छ हवं. 600 डीपीआयवर ए-फोर आकाराचं एक रंगीत पान जवळपास 100 एमबी होतं. म्हणून घरात छोटा फाइल सर्व्हर ठेवला, म्हणजे सगळी स्कॅन एका जागी साठवून घरातल्या कॉम्प्युटरांना देणारं खोकं. मी माझ्या लॅपटॉपवर पान उघडून वाचतो, ही तिच्या कॉम्प्युटरवर बालबोधीत टंकते. आमचा संसार आणि आमचं काम, दोन्ही त्या खोक्याभोवती चालतं.

आणि तो सर्व्हर नेटवर्कवरून गायब व्हायला लागला. फाइल अर्धी उतरायची आणि अडकायची. मग बऱ्याच वेळानं, कुणी काही न करता, पुन्हा दिसायला लागायचा.

तुमच्याआधी जे येऊन गेले त्यांच्यावर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. एकानं नेटवर्कच्या केबली जोडायचा स्विच बदलायला लावला. एकानं केबल बदलली, पैसे घेतले आणि नंतर फोन उचलला नाही. एकानं तर ‘लिनक्स आहे ना, म्हणूनच होतंय, फॉरमॅट मारून विंडोज टाकू’ म्हणत पेनड्राइव्ह बाहेर काढलाच होता. डिस्कवर काय आहे, एवढंही विचारलं नाही. लोकांच्या आज्या-पणज्यांचे कागद आहेत ते. काहींचे मूळ कागद आता हातात धरले तरी तुकडे पडतात.

या सगळ्यांना ही एकच गोष्ट सांगत होती: “टीव्ही लावला की जातं.” एक जण हसला. दुसरा माझ्याकडे बघत म्हणाला, “काका, टीव्हीचा आणि सर्व्हरचा काय संबंध?” सांगत होती ती, उत्तर मला. त्यानंतर तिनं सांगणंच सोडून दिलं.

तुम्ही आलात, पिशवी खाली ठेवलीत आणि सर्व्हरला हात लावायच्या आधी खुर्ची हिच्याजवळ ओढून बसलात. “काकू, कधी कधी जातं ते तुम्ही सांगा.” ती आधी बिचकली, मग सांगत गेली आणि तुम्ही वहीत लिहून घेत गेलात. सकाळी ठीक. दुपारी ठीक. संध्याकाळी मालिका लागली की बंद. नातवंडं आली की दिवसभर बंद. मध्ये एकदाही तिला तोडलं नाहीत. ती थांबल्यावर विचारलंत, “आणि टीव्ही बंद केला की?” “येतं, पण लगेच नाही,” ती म्हणाली. ते ‘लगेच नाही’ तुम्ही लिहिलंत आणि त्याखाली रेघ मारलीत. ती रेघ हिनं पाहिली. मीही पाहिली.

पुढचं फार वेळाचं कामच नव्हतं. आधी सगळ्या कागदांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढलीत. मग टीव्ही लावून सर्व्हरची केबल उपटलीत. तरी लॅपटॉपवर पिंगला, म्हणजे सर्व्हरच्या पत्त्यावर ‘आहेस का?’ म्हणून मारलेल्या हाकेला, उत्तरं येतच राहिली! मग टीव्हीचं सेटिंग उघडलंत आणि पडद्यावरचा टीव्हीचा नेटवर्कमधला पत्ता हिलाच वाचायला लावलात: 192.168.1.105. सर्व्हरचाच पत्ता. ज्यानं सर्व्हर बसवला त्यानं तो कायमचा लिहून ठेवला होता, पण राउटर ज्या पत्त्यांचं घरभर वाटप करतो त्यांच्यातलाच. कधीतरी सर्व्हर बंद असताना राउटरनं तोच टीव्हीला देऊन टाकला. एकाच घर क्रमांकाची दोन घरं असली की पोस्टमन कधी इथे टाकणार, कधी तिथे. आणि त्या रेघेचा उलगडाही केलात: कोणता पत्ता कोणत्या यंत्राचा, हे कॉम्प्युटर थोडा वेळ लक्षात ठेवतो, म्हणून टीव्ही बंद झाल्यावरही तो काही काळ त्यालाच हाका मारत राहतो. सर्व्हरला वाटपाबाहेरचा पत्ता दिलात. त्यानंतर तो एकदाही गेलेला नाही.

मी जुने महजर वाचतो तेव्हा त्यातली एक गोष्ट मला नेहमी आवडते. गावाचा निवाडा व्हायचा तेव्हा ज्याला लिहिता येत नसे त्याचीही साक्ष घेत, आणि त्याच्या नावापुढे त्याच्या हत्याराची निशाणी काढत. पाटलाचा नांगर तर ठिकठिकाणी सापडतो. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्याला विचारायचं, ही रीत होती. आमच्या घरी रोज त्या यंत्रासमोर बसणारी बाई साक्ष द्यायला उभी होती आणि शिकलेली माणसं तिला ओलांडून माझ्याशी बोलत होती. यंत्रातलं ज्ञान पुष्कळांकडे असतं. ते घेऊन कुणाच्या घरी गेल्यावर समोरच्या माणसाला माणूस म्हणून विचारणं तुमच्याकडे आहे, आणि ते तुम्हाला कुणी शिकवलं त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

ही आता फोनवर नातेवाइकांना सगळी हकिकत सांगते, पिंगसकट. तिच्या आवाजात परत आलेला तो ठामपणा तुमच्यामुळे आहे.

पैशांचं नाव काढू दिलं नाहीत. पण निघताना मोबाइलवर आजोळच्या वाटणीपत्राचा फोटो दाखवलात, तो मी विसरलेलो नाही. फोटोत शेवटच्या ओळी सावलीत गेल्यात, त्यावरून नावं नीट लागायची नाहीत. मूळ कागद घडी न मोडता, पुठ्ठ्यात घालून घेऊन या. मी वाचतो, ही टंकून देईल. जेवायलाच या.

तुमचे,
काका आणि काकू
वाई