‘सैराट’चा उत्तरार्धच खरा

महोदय,
‘सैराट’ (2016) म्हटलं की आजही आमच्याकडे वरातीत नाचणाऱ्यांना फक्त गाणी आठवतात. मी तो चार वेळा पाहिला. पहिल्या भागात शिट्ट्या मारल्या, कबूल आहे. पण माझ्या मते सिनेमा सुरू होतो तो हैदराबादेत: भाड्याची खोली, संशय, भांडण आणि हळूहळू रुळणारा संसार. शेवटी आवाजच काढून घेतलाय. त्या वेळी आमच्या रांगेतल्या एकाच्या हातातले शेंगदाणे तसेच राहिले होते.

तरीही मला विचाराल तर नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ उजवा. तो अंगावर येतो. जेऊरचा माणूस आपल्या करमाळ्याकडची बोली न घासता-पुसता पडद्यावर आणतो, याचं अप्रूप सोलापूरकरांना जरा जास्तच! शेवटचा तो दगड आपल्याच दिशेने येतो, चुकवता येत नाही.

‘नटरंग’मध्ये लावण्या गाजल्या, पण पैलवान गुणाचा नाच्या होताना अतुल कुलकर्णींनी चाल, मान, नजर कशी बदलली ते बघा. ‘बाईपण भारी देवा’ (2023) मला थोडा लांबल्यासारखा वाटला, सौ.ने मात्र मैत्रिणींबरोबर दोनदा पाहिला, त्यामुळे गप्प बसतो.

एक तक्रार. शहरातल्या एका चित्रपटगृहात मराठी सिनेमाला भर दुपारचा एकच खेळ मिळतो. सोलापूरच्या उन्हात दुपारी बाराला घराबाहेर कोण पडणार? आणि मग प्रेक्षक येत नाहीत म्हणून चौथ्या दिवशी तोही बंद!

– एक चित्रपटवेडा, सोलापूर