अटकेच्या कागदावर चालू औषधांची नोंद हवी

महोदय,

माझा धाकटा भाऊ एकेचाळीस वर्षांचा आहे. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. गेली नऊ वर्षं क्लोझापाइनच्या गोळीमुळे तो माणसांत आहे: सकाळी १०० आणि रात्री २०० मिलिग्रॅम. महिन्याच्या महिन्याला रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशींचा आकडा वहीत लिहायचा, मगच पुढच्या गोळ्या आणायच्या, हे काम माझ्याकडे.

मागे एका वर्षी गणपतीत आमच्या काळाचौकीत दहा रात्री कुणाला धड झोप नव्हती. झोप मोडली की त्याचा आजार उसळतो हे मला ठाऊक होतं, तरी त्याला गावी पाठवायचं राहून गेलं. विसर्जनानंतर थोड्याच दिवसांनी, एका मंगळवारी संध्याकाळी, बसमधली माणसं आपल्यालाच हसतायत असं त्याला वाटलं आणि त्याने दगड मारला. काच फुटली, खिडकीशी बसलेल्या बाईंचा हात कापला. त्यांची मी घरी जाऊन माफी मागितली. गुन्हा नोंदवला गेला, आणि तो नोंदवायलाच हवा होता.

माझी तक्रार आहे ती त्या रात्रीबद्दल. त्याच्या गोळ्यांची डबी सात खणांची आहे, सोमवार ते रविवार. ती डबी आणि केसपेपरची फाइल घेऊन साडेनऊला मी पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदार नीट बोलले. "ताई, बाहेरची गोळी लॉकअपमध्ये देता येत नाही. उद्या त्याला काही झालं तर माझ्या अंगावर येईल." त्यांची भीती खोटी नव्हती. पण फाइल त्यांनी उघडलीही नाही. मंगळवारच्या खणातली रात्रीची गोळी तशीच घेऊन मी घरी आले.

अटकेनंतर आरोपीची वैद्यकीय तपासणी करायची असते, तो कायदाच आहे. भावाचीही झाली. अंगावर जखमा नाहीत एवढं लिहिलं गेलं. कुठली औषधं चालू आहेत, हे कुणी विचारलं नाही आणि आपणहून सांगण्याच्या स्थितीत तो नव्हता. दुसऱ्या दिवशी न्यायालय, तिथून थेट तुरुंग.

क्लोझापाइनमध्ये ४८ तासांहून जास्त खंड पडला, तर जुना डोस एकदम देता येत नाही. साडेबारा मिलिग्रॅमपासून पुन्हा हळूहळू चढवत न्यावा लागतो. माझ्या फाइलची झेरॉक्स तुरुंगातल्या डॉक्टरांच्या हाती पडली ती बाराव्या दिवशी, तीही विधी सेवेच्या वकील मॅडमनी धावपळ केली म्हणून. त्याच्या आदल्या दिवशी मी मुलाखतीला गेले होते, तेव्हा त्याने मला ओळख दिली नाही. जेवणात विष आहे म्हणून तो फक्त केळी खात होता. केळं आपल्या हाताने सोलता येतं ना.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये आला. मोफत वकील मिळण्याचा हक्क तुला आहे, हे मानसिक आजार असलेल्या माणसाला सांगणं त्या कायद्याच्या कलम २७ नुसार पोलीस, दंडाधिकारी आणि तुरुंगाधिकारी यांचं कर्तव्य आहे. आम्हाला ते सांगितलं रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका कैद्याच्या आईने. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३६९ आहे. आजारामुळे आरोपी स्वतःचा बचाव करू शकत नाही असं न्यायालयाला आढळलं आणि रुग्णालयात दाखल करण्याची गरज नसेल, तर बाह्यरुग्ण विभागात नियमित उपचार करून घेण्याची आणि तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही याची हमी नातेवाइकाने दिल्यावर जामीन मिळू शकतो. गुन्हा अजामीनपात्र असला तरीही. नऊ वर्षांचे केसपेपर माझ्या पिशवीत होते. पहिल्याच तारखेला मी ती हमी लिहून दिली असती!

पोलिसांनी डॉक्टर व्हावं असं मी म्हणत नाही. तपासणीच्या कागदावर "चालू औषधे, डोस, शेवटची गोळी कधी घेतली" एवढ्या तीन रकान्यांची जागा ठेवा. नातेवाइकाने आणलेली फाइल तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, गोळी द्यायची की नाही ते त्यांना ठरवू द्या. आणि त्या कागदाची प्रत वॉरंटसोबत तुरुंगाच्या दवाखान्यात गेली पाहिजे. गृह खात्याला यासाठी एक परिपत्रक पुरेसं आहे.

भाऊ सध्या घरी आहे, खटला चालू आहे. त्याच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात मी एक लॅमिनेट केलेलं कार्ड ठेवते. त्यावर आजाराचं नाव, दोन्ही डोस, "४८ तासांहून जास्त खंड नको" आणि माझा मोबाइल नंबर आहे. ते कार्ड कुणा पोलिसाच्या हाती लागलं, तर कृपया जप्त केलेल्या वस्तूंच्या पाकिटात टाकू नका. डॉक्टरांना द्या.

— एक बहीण, काळाचौकी, मुंबई
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)